बावीस नंबरचा निरोप

“बावीस, वरून आदेश आलाय. वाचून दाखवते, लिहून घ्या,” असे वायरलेसवर म्हणून तिने टेबलावरचा कागद खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि माइकचे बटण पुन्हा दाबून एका दमात वाचला. चौकी क्रमांक बावीस तात्पुरती बंद करण्यात येत आहे. तेथील वनरक्षकाने दहा तारखेपर्यंत सामानासह मुख्य फाटकावर हजर व्हावे. नदीपलीकडची गस्त यापुढे चौकी क्रमांक अठराकडे राहील.

तिने बटण सोडले. थोडी खरखर झाली, मग पलीकडून आवाज आला.

“कंट्रोलताई, ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा.”

तिने पुन्हा वाचले. या खेपेला सावकाश, शब्द सुटा करत. आभाळ स्वच्छ होते. अशा दिवशी बावीस नंबरचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा यायचा. आत्ताही त्याच्यामागे कुठला तरी पक्षी ओरडत होता, तोसुद्धा तिला नीट ऐकू येत होता.

“नाही ताई. तुटक येतंय. काही कळलं नाही.”

तिसऱ्यांदा तिने कागद उचललाच नाही. विचारले, “बावीस, तुम्हाला माझं ऐकू येतंय का?”

“तुमचं येतंय ताई. आदेशाचं येत नाही.”

तिला हसू आले. बटण दाबलेले नव्हते म्हणून ते त्याच्यापर्यंत गेले नाही. मग तिने नोंदवही ओढली, तारीख घातली आणि लिहिले : चौकी २२, आवाज अस्पष्ट, संदेश पोहोचला नाही. खाली सही केली. चौतीस वर्षांच्या नोकरीत तिने त्या वहीत लिहिलेली ही पहिली खोटी ओळ.

तिला सगळे कंट्रोलबाई म्हणत. वायरलेसवर ती रोज “कंट्रोल बोलतेय” म्हणायची, त्यावरून ते नाव पडले आणि मग साहेबापासून वाण्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसले. वायरलेसची खोली वनखात्याच्या कार्यालयाच्या मागच्या अंगाला होती. दहा बाय आठची, खिडकीतून फक्त गाड्यांची शेड दिसणारी. समोरच्या भिंतीवर जंगलाचा नकाशा आणि नकाशावर सव्वीस टाचण्या. एक टाचणी म्हणजे एक चौकी. जंगल एवढे मोठे, की एका टोकाला ऊन असताना दुसऱ्या टोकाला धुके असायचे. पण शहरातल्या माणसाला विचारले तर तो म्हणायचा, असं जंगल आहे होय? त्यात फोटो काढण्याजोगे मोठे जनावर सहसा दिसत नसे, धबधबा नव्हता, काही नव्हते. चुकूनमाकून पाहुणे आले तर फाटकाजवळच्या तळ्यावरची बदके पाहून, डबे खाऊन परत जायचे. आणि जिथे पाहुणे नाहीत, तिथे वरून माणसे तरी कोण धाडतो?

ती नोकरीला लागली तेव्हा सकाळी सातच्या हजेरीला सव्वीस आवाज येत. मग कोणी निवृत्त झाला, कोणी बदली करून घेतली, एकाला साप चावला. रिकाम्या झालेल्या जागा रिकाम्याच राहिल्या. आता नऊ आवाज येत होते. टाचण्या तिने काढल्या नव्हत्या. जंगल तिने कधी पाहिलेही नव्हते. तिची ड्यूटी खोलीतली, गाड्या कायम अपुऱ्या, आणि बाईमाणसाने तिकडे जाऊन करायचे काय, असे आधीच्या सगळ्या साहेबांना वाटत आले होते. तिचे जंगल म्हणजे ते आवाज.

त्या नवांमध्ये बावीस नंबर सगळ्यात लांबचा. नदीपलीकडे एकटाच. एकोणीस वर्षे तिथे होता. तिने त्याला दोनदाच पाहिले होते, तेही कार्यालयाच्या पायऱ्यांवर, घाईत. आणि दोन्ही वेळा दोघांनाही काय बोलावे ते सुचले नव्हते. वायरलेसवर मात्र तो हजेरीनंतर एक वाक्य जास्तीचे बोलायचा. नियमाने कामाशिवाय बोलायची बंदी होती, पण एका वाक्याकडे ती काणाडोळा करायची. “हजर. सगळं ठीक. आज पाडसं चार आहेत ताई.” “हजर. सगळं ठीक. अस्वलानं माझी चप्पल नेली, तीपण एकच. आता ना त्याला उपयोग ना मला.” ती “नोंद घेतली” एवढेच म्हणायची आणि पुढचा नंबर घ्यायची. पण दिवसभर शेडमधल्या गाड्यांकडे बघताना तिच्या डोळ्यांपुढे चार पाडसे असायची.

त्याच्या चौकीपुढे कुरण होते. एके काळी तिथे हरणांचे कळप चरत. मग घाणेरी आली. रंगीबेरंगी फुलांचे झुडूप. कुणीतरी कधीकाळी शोभेला म्हणून आणलेले. दिसायला साजरे आणि वागायला घरजावई, एकदा घरात शिरले की हलायचे नाव नाही, असे बावीस नंबर म्हणायचा. घाणेरीने गवत मारले, गवत गेले तशी हरणे गेली. एका वर्षी वरून मशीन आले, झुडपे वरच्यावर छाटून गेले आणि पुढच्या वर्षी ती दुपटीने फुटली. तेव्हापासून गस्त संपली की तो स्वतः कुदळ घेऊन कुरणात जायचा आणि मुळासकट खणून काढायचा. रोज एका खोलीएवढी जागा. कधी लाकूडतोड्यांच्या करवतीचे आवाज यायचे, तेही तो कळवायचा, ती लिहून घ्यायची, कागद वर जायचा आणि वरच राहायचा. त्याचा राग मात्र कुणावर नसायचा. एकदा म्हणाला होता, “त्यांच्या चुली आहेत, माझं जंगल आहे. भांडू कुणाशी?”

अलीकडे एक दुसराच कागद फिरत होता. नदीपलीकडे खात्याचा माणूसच नसेल तर तो भाग राखीव ठेवून उपयोग काय, अशा अर्थाचा. हे बावीस नंबरलाही ठाऊक होते. रोज सातला पलीकडून एक “हजर” येत होता तोवर त्या कागदाला पुढे सरकता येत नव्हते.

नियम असा होता, की वायरलेसवर निरोप पोहोचला नाही तर शिधा घेऊन जाणाऱ्या गाडीबरोबर लेखी धाडायचा. गाडी महिन्यातून एकदाच, एक तारखेला जायची. आदेश आला तीन तारखेला. म्हणजे त्या एका ओळीने तिने त्याला जवळजवळ महिना मिळवून दिला होता. तिच्या मनात त्याहून जास्त काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, “हजर. सगळं ठीक. एक कोपरा राहिलाय ताई. महिन्याचं काम आहे.”

“नोंद घेतली,” ती म्हणाली.

साहेबांनी विचारले असते तर काय सांगायचे, याची तिने तयारी करून ठेवली होती. पण साहेब तरुण होते, एकट्याने तिघांचे काम ओढत होते, आणि त्याच आठवड्यात पूर्वेच्या बाजूला वणवा लागला. असतील नसतील ती माणसे आठ दिवस झाडांच्या फांद्यांनी आग झोडपत होती. निरोपाची आठवण कुणालाच राहिली नाही.

चोवीस तारखेला सकाळी बावीस नंबरने उत्तर दिले नाही.

तिने तीनदा हाक मारली, बाकीच्यांची हजेरी उरकली आणि पुन्हा हाक मारली. मग उठून साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले बॅटरी उतरली असेल. ती म्हणाली, एकोणीस वर्षांत उतरली नाही. ताप असला तरी तो हजेरी चुकवत नसे. साहेबांनी गाड्यांची चौकशी केली. एक गाडी चाक काढून शेडमध्ये उभी होती, दुसरी वरून आलेल्या पाहुण्यांना घेऊन तळ्यावर गेली होती. शेवटी तिनेच अठरा नंबरला हाक मारली. अठरा नंबरचा वनरक्षक बावीसपासून वीसेक किलोमीटरवर होता, नदीच्या अलीकडे. त्याने काही विचारले नाही. निघतो म्हणाला आणि पायी निघाला.

ती दिवसभर खोलीतून हलली नाही. दुपारी डबा उघडून परत झाकला. साडेपाचला सेट खरखरला.

“कंट्रोल, बावीसवरून बोलतोय.”

बावीसवरून म्हटल्याबरोबर तिने श्वास सोडला, आणि मग आवाज अठरा नंबरचा आहे हे तिच्या ध्यानात आले.

“बोला.”

“आहेत ते इथं. कुरणात आहेत.” सेट पुन्हा खरखरला. “ताई, गाडीची आता घाई करू नका.”

डॉक्टरांनी हृदयाचे कारण सांगितले. पहाटे केव्हातरी. लगेच दवाखाना मिळाला असता तर वाचला असता कदाचित, नसताही, असे ते म्हणाले. बाकीच्यांनी ते ऐकले आणि सोडून दिले. तिला तो ‘कदाचित’ घरापर्यंत पुरला, आणि नंतरही.

घरी नवरा होता. चाळीस वर्षे यंत्रमागावर काम करून त्याचे दोन्ही कान गेले होते. माणूस मायाळू, ती आली की चहा पुढे ठेवायचा, तिचा चेहरा पाहून अर्धे ओळखायचा. ती लोकांना हसत सांगायची, मला शंभर किलोमीटरवरची माणसं ऐकू येतात आणि माझं मात्र घरात कुणाला ऐकू जात नाही. त्या संध्याकाळी त्याने विचारले, काय झालं? ती म्हणाली, एक माणूस गेला. त्याला ऐकू गेले नाही, तेव्हा तिने मोठ्याने सांगितले. शेजारच्या बाईने भिंतीपलीकडून कोण गेलं म्हणून विचारले. पुढचे सांगायचे तर असेच ओरडून सांगावे लागणार होते, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नव्हती. तिने चहा घेतला.

तिला पुन्हा पुन्हा एकच वाटत होते. त्या दिवशी तिने खरे लिहिले असते तर तो दहा तारखेला फाटकावर आला असता. कुरकुरला असता, पाहुण्यांची तिकिटे फाडताना ओशाळला असता, पण दवाखाना हाकेच्या अंतरावर होता. आणि खरे सांगायचे तर तो महिना तिने त्याच्यासाठी मिळवला होता की स्वतःसाठी ठेवून घेतला होता? नवाचे आठ आवाज व्हायला नको होते, तिला.

चौकशीला वरचे साहेब आले. वय झालेले, चष्मा कपाळावर चढवून बसणारे, कामात चोख. त्यांनी नोंदवही चाळली आणि तिला बोलावले. आदेश तीन तारखेचा, मग हा माणूस चोवीसला तिथे काय करत होता, असा त्यांचा प्रश्न होता. त्याला आदेश मिळूनही तो राहिला असेल तर त्याने हुकूम मोडला होता, दहा तारखेनंतर तो कामावर नव्हताच, तसे लिहावे लागेल. आदेश मिळालाच नसेल तर तो कामावर असताना गेला, म्हणजे घरच्यांना भरपाई मिळेल.

“निरोप पोहोचला नाही,” ती म्हणाली.

“तीन तारखेला नाही पोहोचला. चारला हजेरी आहे. पाचला आहे. तेवीसपर्यंत रोज आहे. एवढ्या दिवसांत पुन्हा का सांगितलं नाही?”

तरुण साहेब खिडकीपाशी उभे होते. तिने त्यांच्याकडे पाहिले नाही.

“राहून गेलं साहेब. चूक माझी आहे.”

वरच्या साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेऊन तिच्याकडे जरा वेळ पाहिले. मग तसे लिहून घेतले. कामावर असताना मृत्यू. आणि खाली, ऑपरेटरचा निष्काळजीपणा, सेवापुस्तकात शेरा. निवृत्तीला सात महिने राहिले होते. ते सात महिने तिने आवक-जावक टेबलावर काढायचे आणि वायरलेस दुसऱ्या कुणाकडे द्यायचे असे ठरले. ती जायला निघाली तेव्हा तरुण साहेब व्हरांड्यापर्यंत तिच्यामागे आले.

“बाई, तुमचं असं कधी राहून गेलेलं मला आठवत नाही.”

“वय झालं साहेब,” ती म्हणाली.

पंधरा दिवसांनी बावीस नंबरची बायको आली. तिला नवऱ्याचे सामान हवे होते, आणि तो जिथे राहिला ती जागा एकदा बघायची होती. एकोणीस वर्षांत तीही तिकडे कधी गेलेली नव्हती. लांबच्या गावी शिलाईकाम करून तिने घर चालवले, दोन मुलींची लग्ने केली. तो दोन-दोन महिन्यांनी चार दिवस यायचा. कार्यालयात दुसरी बाई नव्हती म्हणून साहेबांनी सोबतीला कंट्रोलबाईला जायला सांगितले. शिवाय चौकी बंद करायची तर तिथला सेट रीतसर उतरवून आणणेही आलेच. आता जाताय तर तेवढं करून या, असे साहेब म्हणाले, आणि म्हणताना दुसरीकडे बघत होते.

जीपच्या पुढच्या बाकावर तिघे बसले. ड्रायव्हर, मध्ये ती, आणि खिडकीशी वहिनी. ती त्यांना वहिनीच म्हणाली, दुसरे काय म्हणणार. वहिनी शिडशिडीत होत्या, मांडीवर रिकामी पिशवी घट्ट धरून बसल्या होत्या.

डांबर संपले तशी दोन्ही बाजूंनी घाणेरी अंगावर आली. फांद्या गाडीच्या पत्र्यावर नखे ओढल्यासारख्या घासत होत्या. सतरा नंबरची चौकी लागली, छप्पर बसलेले. वीसच्या चौकीचे तर दारच कुणीतरी काढून नेले होते. मध्येच एका उतारावर ताज्या तोडलेल्या बुंध्यांची रांग दिसली. ड्रायव्हरने वेग कमी केला, जीभ टाळ्याला लावून चक् केले आणि पुढे निघाला. चारपाच गाई वाटेत बसल्या होत्या, त्यांचा राखणदार या गाडीला पाहून पळाला नाही की उठलाही नाही.

“पुढं उजवीकडं मोठा काळा खडक लागेल, तिथून वाट खाली उतरते. सावकाश घ्या, पाणी झिरपतं तिथं,” ती म्हणाली.

खडक आला. ड्रायव्हरने तिच्याकडे पाहिले. “बाई, आधी कधी आला होतात इकडं?”

“नाही. ऐकलंय.”

वहिनींनी तेव्हा पहिल्यांदा मान वळवून तिच्याकडे नीट पाहिले. मग म्हणाल्या, “घरी आले तरी सातला उठून बसायचे. मी म्हणायची, इथं कोण तुमची हजेरी घेतंय?”

नदी उथळ होती. गाडी पाण्यातून वर चढली, झाडी सरली आणि समोर कुरण आले.

तिच्या मनात ते अंगणाएवढे होते. रोज एका खोलीएवढी जागा, हे तिने हजारदा ऐकले होते, पण हजार खोल्या एकाशेजारी एक मांडल्या तर केवढ्या होतात याचा हिशेब तिने केलाच नव्हता. गुडघाभर गवत, पिवळसर, वाऱ्याने एकाच बाजूला कलणारे, आणि ते थेट पलीकडच्या टेकडीच्या पायथ्यापर्यंत. पार तिकडे काही हरणे होती. गाडीचा आवाज ऐकून त्यांनी माना वर केल्या आणि पुन्हा खाली घातल्या. फक्त नदीकडच्या एका कोपऱ्यात झुडपांचा पट्टा तसाच उभा होता. आणि कडेने, साफ केलेल्या जागेत, वीतभर उंचीचे नवे कोंब वर आलेले होते.

“हे काय आहे?” वहिनींनी विचारले.

ड्रायव्हरने सांगितले. आधी इथे काय होते, त्यांच्या नवऱ्याने काय केले, कशाने केले. वहिनींनी ऐकून घेतले.

“एकट्यानं?”

“एकट्यानं.”

“घरी परसातलं गवत काढा म्हटलं तर हात लावायचे नाहीत,” त्या म्हणाल्या, आणि चौकीकडे चालू लागल्या.

चौकी म्हणजे एक खोली. लोखंडी खाट, स्टो, तीन भांडी, पत्र्याची ट्रंक, कोपऱ्यात उंच स्टुलावर वायरलेसचा सेट. सेटवर स्वच्छ धुतलेला रुमाल पांघरलेला. दोरीवर एक खाकी सदरा वाळून कडक झाला होता. वहिनींनी खाटेखाली वाकून पाहिले, ट्रंक उघडली, बंद केली.

“काही आवरलेलंसुद्धा नाही,” त्या म्हणाल्या. “त्यांना कळलंच नव्हतं.”

ती सेटच्या तारा सोडवत होती. हात थांबले. ड्रायव्हर बाहेर गाडीपाशी गेला होता.

“ऑफिसात मला सांगितलं सगळं,” वहिनी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. दुकानात बसून कापडाचे माप सांगावे तसे त्या बोलत होत्या. “तुम्ही तेवढा निरोप दिला असता तर माझा माणूस फाटकावर आला असता. तिथं दवाखाना आहे.”

“हो.”

“विसरलात?”

“हो.”

वहिनी खाटेवर बसल्या. “तुम्हाला बोल लावायला मी आले नाही. पण मनात ठेवलं असतं तर मला झोप लागली नसती. म्हणून बोलले.”

तिच्यापाशी म्हणण्यासारखे एकच होते, आणि ते तोंडाशी आले होते. बाई, मी दिला होता निरोप. दोनदा वाचला. त्याला ऐकू आला होता. एवढे म्हटले की सेवापुस्तकातला शेरा, आवक-जावकचे टेबल, समोरच्या बाईच्या डोळ्यांतले ते शांत दोष देणे, सगळे एका क्षणात उतरले असते. तिने तारेचे वेटोळे केले आणि गाठ मारली.

“दर खेपेला जाताना म्हणायचे, पुढच्या वर्षी बदली मागतो,” वहिनी म्हणाल्या. “एकोणीस वर्षं पुढचं वर्ष. मुली लहान होत्या तेव्हा मी धरून बसायची, नंतर सोडून दिलं. तुमच्याशी रोज बोलायचे ते. माझ्याशी रोज नाही बोलायचे. तुम्हीच सांगा. आले असते का हो?”

खिडकीतून कुरण दिसत होते. एक कोपरा राहिलाय ताई, महिन्याचं काम आहे. तो आवाज तिला इतका स्पष्ट आठवत होता, की वहिनींनाही ऐकू जाईल अशी तिला भीती वाटली.

“निरोप मिळाला असता तर आले असते,” ती म्हणाली. “त्याच दिवशी निघाले असते.”

वहिनींनी मान हलवली. मग पदर डोळ्यांना लावून त्या पहिल्यांदा रडल्या. फार वेळ नाही. ती त्यांच्याजवळ गेली नाही. जवळ जाण्याचा हक्क आपल्याला उरलेला नाही, असे तिला वाटले. त्या उठल्या, दोरीवरचा सदरा काढून घडी घातली, ट्रंकेतले दोन कपडे, दाढीचे सामान, मुलींचा एक जुना फोटो पिशवीत भरला. भांडी राहू द्या म्हणाल्या, कुणाला उपयोगी पडतील. कुणाला, हे तिने विचारले नाही. ड्रायव्हरने सेट, बॅटरी आणि कुदळ गाडीत मागे ठेवली. तिने दाराला कुलूप लावले.

परतीच्या वाटेवर ऊन उतरले होते. वहिनी आदल्या दिवसापासून प्रवासात होत्या. काळा खडक मागे पडला आणि त्यांची मान खिडकीवर आपटू लागली. मग एका वळणावर ती मान दुसऱ्या बाजूला कलली आणि कंट्रोलबाईच्या डाव्या खांद्यावर येऊन टेकली. तशीच राहिली. डोक्याला वजन असे नव्हतेच. केसांना खोबरेल तेलाचा वास होता आणि झोपेत श्वास अडखळत होता, रडून झोपलेल्या पोराचा अडखळतो तसा.

तिने दोन्ही पाय पुढच्या पत्र्याला रोवले. खड्डा आला की सगळे अंग आवळून धरायचे, म्हणजे खांदा हलत नाही, हे तिच्या ध्यानात आले. ड्रायव्हरने एकदा तिकडे पाहिले आणि गाडीचा वेग कमी केला. त्याने हळूच विचारले, चहाला थांबू का? तिने मानेनेच नको म्हटले. तीन तास तशी वाट होती. आधी दंड बधिर झाला, मग कोपर, मग बोटे; आपला हात आहे की नाही हे तिला कळेनासे झाले.

दिवेलागणीला गाडी कार्यालयासमोर उभी राहिली. इंजिन बंद झाले तरी वहिनी जाग्या झाल्या नाहीत. तरुण साहेब पायऱ्या उतरून लगबगीने गाडीपाशी आले आणि काहीतरी विचारायला त्यांनी तोंड उघडले.

तिने उजवा हात वर करून त्यांना थांबवले. साहेब तिथेच उभे राहिले.